शिवकांताचं पाणी

माझ्या नवऱ्याला हे माहीत नाही. आईला माहीत नाही. आणि जिच्याशी मी हे केलं, तिला तर नाहीच नाही. चौदा वर्षं होत आली. एवढ्या वर्षांत हे एकदाही माझ्या तोंडातून बाहेर पडलेलं नाही. देवापुढे हात जोडले तरी मी या विषयाला बगल देते आणि दुसरंच काहीतरी पुटपुटते. मग आज तुम्हाला का सांगतेय? खरं सांगू — मलाही नीट कळलेलं नाही. गेल्या महिन्यात एक गोष्ट घडली आणि तेव्हापासून गप्प बसणं जमेनासं झालंय. ती शेवटी सांगते. आधी शिवकांता कोण, ते.

शिवकांता माझी मैत्रीण. बोरीला आमची घरं एकाच गल्लीत. पहिलीपासून बारावीपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो. माझे वडील जिंतूरला एका कचेरीत कारकून होते, रोज बसनं जाऊन-येऊन करायचे. तिच्या घरी शेती — कापूस, सोयाबीन, तूर — आणि कामाला हात कमी. त्यामुळं शाळा सुटली की ती शेतात आणि मी घरात. बाकी सगळ्यात आम्ही बरोबरीच्या. मार्क सारखे, उंची सारखी, फ्रॉकसुद्धा एकाच कापडाचे शिवलेले. फरक एकच. शिवकांता पळायची.

कशी पळायची, ते कसं सांगू? जोर लावतेय असं दिसायचंच नाही. बाकीच्या पोरी धापा टाकत, तोंड वाकडं करत पळायच्या. ती मात्र कुणीतरी हाक मारली म्हणून लगबगीनं निघाल्यासारखी. मी तिच्यासोबत पळायचे — म्हणजे तिच्या मागं. पहाटे परभणी रोडनं आमचा सराव चालायचा. तिची वेणी या खांद्यावरून त्या खांद्यावर जायची आणि मी ती वेणी बघत पळायचे. वर्षानुवर्षं. एकदाही मला तिचा चेहरा बघत पळता आलं नाही.

मला तिचा हेवा वाटायचा. हेवा म्हटलं की फार साधं वाटतं, नाही? कुणाची साडी आवडली, कुणाचं घर आवडलं, तसं. तसं नव्हतं हे. ती जिंकली की मी सगळ्यात आधी टाळ्या वाजवायचे, तिच्या गळ्यात पडायचे, आणि त्याच वेळी माझ्या पोटात काहीतरी तापत राहायचं. माझे वडील चांगले होते, पण त्यांची एक सवय होती. शिवकांता घरी आली की तिला बसवून घ्यायचे, चहा द्यायला लावायचे, आणि माझ्याकडं बघून म्हणायचे, "हिच्याकडून शीक जरा. घरचं करून, रानातलं करून पोरगी पुढं हाय." ती संकोचून हसायची. मी कपबशा उचलून आत जायचे.

बारावीनंतर दोघींनी पोलीस भरतीचे फॉर्म भरले. आमचे प्रवर्ग वेगळे होते. फॉर्म भरताना तिनंच मला ते समजावून सांगितलं होतं. "बरं हाय गं," ती म्हणाली होती, "आपल्या दोघींच्या याद्या वेगळ्या लागत्यात. तुझी जागा मला मिळत न्हाई, माझी तुला मिळत न्हाई. दोघी बी लागू."

हे मी मुद्दाम सांगतेय. पुढचं ऐकताना तुमच्या मनात येईल — एकच जागा असेल, नोकरीचा प्रश्न असेल, माणूस घाबरून करतो कधीकधी. नाही. तशी सबब मला नाही. ती लागली असती तरी माझं काही जाणार नव्हतं. हे मला त्या दिवशीही माहीत होतं आणि नंतरही.

वडिलांनी मला परभणीला एका सरांच्या क्लासला घातलं. सर फौजेतून निवृत्त झालेले, भरतीच्या पोरापोरींची तयारी करून घ्यायचे. शिवकांताला रोज परभणीला जाणं शक्य नव्हतं, रानातलं काम कुणी करायचं? म्हणून आमचं ठरलं की मी शिकून यायचं आणि संध्याकाळी तिला सांगायचं. मी वही केली होती. सर बोलतील ते लिहून घ्यायचे. परतल्यावर शाळेच्या मैदानात आम्ही बसायचो. ती रानातून तशीच यायची, पायाला माती, डोक्याला रुमाल, आणि मी वहीतून वाचून दाखवायचे. श्वास कसा घ्यायचा. पहिल्या फेरीत किती दम राखायचा. वळणावर आतल्या बाजूनं कसं जायचं. गोळा फेकताना कंबर कशी वळवायची.

सुरुवातीला मी सगळं खरं सांगत होते. एवढं तरी माझ्या बाजूनं — पण ते बाजूनं कशाला म्हणू? तेवढं मी करायलाच पाहिजे होतं.

पंधरा दिवसांत ती माझ्या सांगण्यावरून इतकी सुधारली, जितकी मी सरांसमोर उभी राहून सुधारले नव्हते. शिकत होते मी. सुधारत होती ती. तुम्हाला कळतंय ना, ते तापणं आता कुठवर आलं असेल?

मग एका रविवारी सरांनी चाचणी ठेवली. कुणाला आणायचं असेल तर आणा म्हणाले. मी शिवकांताला घेऊन गेले. न्यायला नको होतं असं तुम्हाला वाटेल, पण तिच्या घरी तिच्या आईनंच विचारलं होतं, नाही म्हणता आलं नाही. तिनं त्या दिवशी क्लासमधल्या सगळ्या पोरींना मागं टाकलं. नुसतं मागं नाही — ती पोचून, वाकून, सरळ उभी राहून ओढणी नीट करत होती तेव्हा दुसरी पोरगी येत होती. मी पाचवी आले.

सरांनी घड्याळ बघितलं, परत बघितलं. "कुठं शिकलीस?" त्यांनी विचारलं.

शिवकांतानं माझ्याकडं बोट दाखवलं. चेहऱ्यावर असा अभिमान, की माझंच कौतुक करायला ती पळाली असावी. "हिनं शिकवलं सर. रोज सांगती मला."

सर माझ्याकडं वळले. "मग तू काय करायलीस इथं?"

सगळे हसले. सर वाईट माणूस नव्हते, त्यांनी गमतीनं म्हटलं होतं. शिवकांताही हसली, आणि मग माझं तोंड बघून लगेच थांबली. तिचं ते थांबणं मला सगळ्यात जास्त लागलं. तिला माझी कीव आली होती.

परत येताना बसमध्ये गर्दी नव्हती. ती खिडकीशी, मी शेजारी. वही माझ्या मांडीवर. भरतीला आठवडा उरला होता आणि ऊन असं की खिडकीची दांडी हाताला चटका द्यायची. ती म्हणाली, "भरतीच्या दिवशी लय वेळ उन्हात थांबावं लागंल म्हणत्यात. पाण्याचं कसं करायचं गं? सरांनी काही सांगितलं का?"

सरांनी सांगितलं होतं. पाऊण तास सांगितलं होतं. आदल्या दिवसापासून नेहमीपेक्षा जास्त पाणी प्या. मैदानावर सकाळपासून थोडं थोडं, दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन-तीन घोट, तहान लागायची वाट बघू नका. लिंबू, साखर, मीठ घालून बाटली न्या. पळायच्या तोंडावर घटाघटा पिऊ नका, एवढंच. लघवी पिवळी झाली तर समजा पाणी कमी पडलंय. सगळं त्या वहीत होतं. पान दुमडलेलं होतं.

मी वही उघडली नाही. म्हणाले, "पाणी प्यायचं न्हाई."

"मुळीच न्हाई?"

"आदल्या दिवसापासूनच कमी करायचं. भरतीच्या दिवशी तर घोटभर बी न्हाई. पोट जड होतं, बरगडीत कळ येती. सर म्हणले, पाण्यानंच लय पोरी बाद होत्यात."

तिनं मान हलवली. मग म्हणाली, "बरं झालं सांगितलंस. मी तर दोन बाटल्या भरून नेणार होते."

हेच ते. एवढंच. एक वाक्य, बसमध्ये, सहज आवाजात. मी रागानं बोलले नाही. मला वाटलं होतं की — काय वाटलं होतं? की ती थोडी मंदावेल. माझ्या बरोबरीनं येईल. एकदा, फक्त एकदा, ती वेणी माझ्यासमोर नसेल. ती पडेल असं मला वाटलं नव्हतं, असं मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगून पाहिलंय. पण उन्हात पाणी न मिळाल्यावर माणसाचं काय होतं, हे सरांनी त्याच पाऊण तासात सांगितलं होतं, आणि तेही मी लिहून घेतलं होतं.

भरतीच्या दिवशी तिची आई आमच्यासोबत आली. गेटच्या आत तिला सोडणार नव्हते. तिनं शिवकांताच्या हातात बाटली दिली, घरून करून आणलेलं लिंबाचं सरबत, मीठ घातलेलं. शिवकांतानं आईसमोर ती मुकाट घेतली आणि आत आल्यावर माझ्याकडं दिली. "तुझ्या पिशवीत ठेव. पळून झाल्यावर दोघी पिऊ." मी स्वतः बाटली आणली नव्हती. आणली असती तर माझं खोटं उघडं पडलं असतं.

आधी कागदपत्रं, मग उंची, मग छातीवर लावायचे नंबर. एकेका रांगेत तास-तास. मैदानावर पाण्याची सोय होती, मंडपाखाली थंड पाण्याचे जार ठेवलेले होते. एक महिला पोलीस रांगेजवळून फिरत प्रत्येकीला सांगत होती, "पोरींनो, पाणी पीत राहा." आमच्यापाशी आली तेव्हा शिवकांता म्हणाली, "नको मॅडम, पळायचंय." आणि शहाण्या विद्यार्थिनीनं मास्तरांकडं बघावं तसं तिनं माझ्याकडं बघितलं.

मी मान डोलावली.

ती बाई पुढं गेली. मला अजूनही वाटतं, तिनं एकदा विचारायला पाहिजे होतं — का नको? पण तिनं का विचारावं? जे माझं काम, ते तिनं का करावं?

मला तहान सहन होईना. घशाला कोरड पडली होती. लघवीला जाऊन येते म्हणून मी रांगेतून निघाले, भिंतीमागं गेले आणि पिशवीतून शिवकांताच्या आईची बाटली काढली. अर्धी प्याले. दोन-दोन घोट, थांबून थांबून, सरांनी सांगितलं होतं तसंच. तोंड पुसून परत आले तेव्हा शिवकांता माझी जागा धरून उभी होती. तिचे ओठ पांढरे पडले होते. डोकं ठणकतंय म्हणाली. मी म्हणाले, "माझं बी." 

आमचे नंबर लागोपाठ होते, म्हणून एकाच तुकडीत पळालो. दोन फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत ती नेहमीसारखीच पुढं गेली. मला वाटलं, काही फरक पडला नाही — आणि मला वाईट वाटलं. होय, वाईट. दुसऱ्या फेरीच्या निम्म्यावर तिची चाल बदलली. पाय मातीत रुतल्यासारखे पडायला लागले. ती रेघ सोडून बाहेर जायला लागली, परत आत आली. मी जवळ जवळ येत गेले, आणि एका क्षणी मी तिच्या बाजूला होते. तिनं माझ्याकडं बघितलं. डोळे उघडे होते, पण मी तिला दिसत होते की नाही, कोण जाणे. मग मी तिच्या पुढं गेले.

त्या क्षणी मला काय झालं ते सांगायला मी इथवर आलेय. मला आनंद झाला. असा आनंद की पायात बळ आलं. मागं धप्प आवाज झाला, कुणीतरी ओरडलं, शिट्टी वाजली, आणि मी वळले नाही. शेवटच्या रेघेपर्यंत गेले. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात चांगली धाव. त्या धावेवर मला नोकरी लागली.

तिला सरकारी दवाखान्यात नेलं. दोन दिवस सलाईन चाललं. पहिल्या दिवशी ती तोंडाला येईल ते बरळत होती, आईला ओळखत नव्हती. तिच्या आईनं माझ्या पिशवीतली बाटली बघितली, अर्धी रिकामी. "निदान अर्धं तरी प्याली होती माझी लेक," ती सगळ्यांना सांगत होती. मी खाली मान घालून उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी शिवकांता शुद्धीवर आली. डॉक्टरांनी विचारलं, पाणी का प्यायली नाहीस? कुणी सांगितलं असलं खूळ? मी खाटेच्या पायथ्याशी होते. आता सगळं संपलं असं मला वाटलं.

"कुणी न्हाई," ती म्हणाली. "माझ्याच मनानं."

डॉक्टर गेल्यावर तिनं माझा हात धरला. "तुझं नाव कामून घेऊ? सरांचं चुकलं आसंल, तू काय करशील? आन तू बी तर न्हाई प्यालीस. तू पार पोचलीस. माझ्याच अंगात दम न्हाई, दुसरं काय."

तुम्ही माझ्या जागी असता तर तेव्हा बोलला असता का? मी नाही बोलले. तिचा हात धरून रडले. ते रडणं खरं होतं, हे त्यातलं सगळ्यात घाणेरडं.

पुढच्या वर्षी परत भरती निघाली. तिचे वडील म्हणाले, भर फॉर्म. भाऊ म्हणाला, भर. तीच नाही म्हणाली. पळणं सोडलं तिनं. गल्लीतून रानात जायची तीसुद्धा चालत. कुणी विचारलं तर म्हणायची, आमच्या वैशालीनं बी पाणी पिलं नव्हतं, ती पळाली, मी पडले, आपल्याला आपलं अंग कळायला पाहिजे. ती माझं उदाहरण द्यायची. खोट्यावर तिनं हिशोब मांडला होता आणि उत्तर काढलं होतं की आपण कच्च्या आहोत. ते खोटं कुठलं, हे सांगू शकणारी एकटी मी होते, आणि मी खाकी घालून परभणीला हजर झाले होते.

तिचं लग्न चुडाव्याला झालं. नवरा चांगला आहे, शेती करतो. आम्ही अजून मैत्रिणी आहोत. लोकांना कौतुक वाटतं.

आता गेल्या महिन्यातलं. सुटी होती, मी रेल्वेनं चुडाव्याला तिच्याकडं गेले. तिला एक मुलगी आहे, दहा वर्षांची. आम्ही ओसरीत बसलो होतो. मुलगी शेजारून रात्रीसाठी दूध आणायला गेली. गेली म्हणजे पळत गेली. शिवकांताची पाठ तिकडं होती, मी बघत होते. तीच ती चाल. जोर नाही, धाप नाही, कुणीतरी हाक मारल्यासारखी. वेणी या खांद्यावरून त्या खांद्यावर.

माझ्या घरी दोन मुलं आहेत. गुणी आहेत. पण त्यांच्यात असं काही नाही. आणि माझ्या पोटात — चौदा वर्षांनी, एवढं सगळं होऊन गेल्यावर, एका दहा वर्षांच्या पोरीला बघून — तेच तापायला लागलं.

शिवकांता चहा गाळत म्हणाली, "शाळेतले मास्तर मागं लागलेत. हिला तालुक्याला पळायला न्यायचंय म्हणं, पूर्णेला. मी न्हाई म्हणून सांगितलं. माझंच अंग हाय तिचं. उन्हात पडंल कुठंतरी. पोरगी दोन दिवस जेवली न्हाई, रडायली नुसती. पण तू सांग, मी बरोबर करायले का न्हाई? तुला ह्यातलं कळतं."

ती थांबली होती. हातात गाळणी तशीच. मी जे म्हणेन ते ती ऐकणार होती, नेहमीसारखं. एक वाक्य लागत होतं. तुझ्या अंगात काही खोट नव्हती, मी तुला खोटं सांगितलं होतं. एवढंच. किंवा तेही नको — नुसतं, पाठव तिला. माझं खोटं झाकलेलं राहिलं असतं आणि पोरगी पळाली असती. तेवढंसुद्धा सोपं होतं.

मी म्हणाले, "बरं करायलीस. नको पाठवू."

तिनं निश्वास सोडला आणि माझ्यापुढं कप सरकवला. मुलगी दूध घेऊन परत आली, आईचं आणि माझं बोलणं तिला दारातच ऐकू गेलं असावं. ती माझ्याकडं बघत उभी राहिली. मी चहा प्याले. संध्याकाळच्या गाडीनं परभणीला आले.